लाल-निळ्या जिलेटीनमध्ये कुंकूच गायब, बॅकग्राऊंड पण फिकं... नक्की कुठं चुकतंय?

स्टुडिओ_वरची_खोली (सांगली)

नमस्कार मंडळी, विश्रामबागला माझा छोटा स्टुडिओ आहे, म्हणजे स्टुडिओ आपलं म्हणायचं, घराच्या वरची दहा बाय चौदाची खोली, भिंती पांढऱ्या, एका बाजूला पांढरा पेपर टांगलाय. पासपोर्ट, बारशाचे फोटो, कॉलेजच्या पोरांचे पोर्टफोलिओ असलं काम चालतं. दोन स्टुडिओ फ्लॅश आहेत, एक सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी), एक छत्री आणि एक जुना कॅमेऱ्यावरचा फ्लॅश. सध्या सगळ्यांना ते एका गालावर लाल एका गालावर निळा असले फोटो पाहिजेत, म्हणून म्हटलं आपण पण करून बघू, स्टेशनरीच्या दुकानातनं मुलं प्रोजेक्टला नेतात ते जिलेटीन पेपर आणले आणि कपड्याच्या चिमट्यानं फ्लॅशला लावले.

मॉडेल म्हणून आतेबहिणीला बसवलं. दोन महिन्यांपूर्वी लग्न झालंय, पिवळी साडी हिरवा काठ, हातात हिरवा चुडा, कपाळावर चांगलं ठसठशीत कुंकू, एकदम नटूनथटून आलेली. डावीकडनं लाल, उजवीकडनं निळा. स्क्रीनवर बघितलं तर पहिल्यांदा भारीच वाटलं, मग नीट बघतोय तर कुंकूच नाही! खरंच सांगतो, कपाळ कोरं. चुडा काळा, साडीचा काठ काळा, लाल बाजूला साडी आणि कातडी एकच झालीय, आणि निळ्या बाजूला तीच पिवळी साडी चिखलात बुडवल्यासारखी. गाल तर काळानिळा, कुणी मारल्यासारखा. तिनं हौसेनं ते फोटो घरच्या ग्रुपवर टाकले, आणि सासूबाईंचा पहिला प्रश्न काय, तर "कुंकू का पुसलंस?" आत्या आता माझ्याशी बोलत नाही, म्हणते शुभकार्य होऊन दोन महिने नाही झाले आणि असले फोटो काढतोस.

मग वैतागून एका लाईटचं जिलेटीन काढलं, तो पांढरा ठेवला आणि निळं मागच्या पेपरवर मारलं. चेहरा चांगला आला, कुंकू पण आलं, पण बॅकग्राऊंड मला गडद मोरपंखी पाहिजे होतं ते आलं धुतलेल्या शर्टासारखं आकाशी. निळ्याची पॉवर फुल केली तर अजून फिकं. आता हे उलटं का होतंय ते काही कळेना. जाणकारांनी सांगा प्लीज, शनिवारी एक पोरगा पोर्टफोलिओला येतोय आणि त्याला मी "होय जमतंय की" म्हणून बसलोय.

---

रील_कुपवाड

भावा कुठं जिलेटीन चिकटवत बसतोस, आरजीबी (लाल-हिरवा-निळा मिळून पाहिजे तो रंग देणाऱ्या) एलईडीच्या दोन ट्यूब घे, मोबाईलवरनं रंग बदलतोय, डोळ्याला दिसतंय तेच फोटोत येतंय, विषय संपला. नाद खुळा रिझल्ट.

---

काळा_पडदा

ट्यूब चांगल्याच आहेत, माझ्याकडं पण आहेत, पण त्याच्या खोलीत ट्यूब लावली तरी हेच होणार, कारण अडचण लाईटची नाहीच, अडचण पांढऱ्या उजेडाची आहे. शिवाय ट्यूबचा उजेड फ्लॅशपुढं फार कमी, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) चढवावा लागतो, आणि स्वस्तातली असली तर शटर जरा फास्ट केलं की फोटोत आडवे पट्टे येतात.

आता तुझं बॅकग्राऊंड. पांढरा उजेड जिथं पडेल तिथं रंग मरतो, एवढं एकच धरून चाल. तू चेहऱ्यावर सॉफ्टबॉक्स मारलास तो काय चेहऱ्याला विचारून तिथंच थांबत नाही, तो पुढं मागच्या पेपरवर जातो आणि तुझ्या निळ्यात पाणी ओततो. माझा अंदाज, पोरगी पेपरपासनं दोन फुटांवर बसलेली असणार, बरोबर? आणि लाईट तिच्यापासनं तीन फूट. म्हणजे लाईट ते पेपर पाच फूट. उजेड अंतराच्या वर्गानं कमी होतो, तर तीन आणि पाचचा हिशोब केला तर पेपरवर चेहऱ्याच्या जवळजवळ ३६ टक्के पांढरा उजेड पडतोय, म्हणजे जेमतेम दीड स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). त्यात निळा कुठं टिकणार? आता पोरगीला पेपरपासनं सहा फूट पुढं घे आणि लाईट तिच्या अगदी जवळ आण, दोन फुटांवर. दोन आणि आठ, म्हणजे पेपरवर सोळावा हिस्सा, चार स्टॉप कमी. तेवढ्यानं पेपर काळा पडायला लागेल, आणि काळ्यावर मग तुझा निळा बघ कसा बसतो. लाईट जवळ आणलास की पॉवर कमी करायला विसरू नको, नाहीतर चेहरा उडेल.

दुसरं म्हणजे पॉवर फुल करणं. इथं सगळेच फसतात, मी पण वर्षभर फसलो. रंग गडद पाहिजे तर लाईट वाढवायचा नसतो, कमी करायचा असतो. जास्त मारला की कोणताही रंग पांढऱ्याकडं जातो. मागच्या निळ्याला एक स्टॉप खाली, मग दोन स्टॉप खाली असं घेत जा आणि बघ. आणि पांढरा पेपर काढ, त्याजागी ग्रे लाव, नसेल तर काळा कपडा लाव. मी मंडपवाल्याकडनं काळा पडदा आणलाय, त्यातलेच दोन तुकडे बाजूच्या भिंतींना पण टांगतो, कारण दहा फुटी खोलीच्या पांढऱ्या भिंती म्हणजे चारी बाजूंनी रिफ्लेक्टर लावल्यासारखंच आहे. सॉफ्टबॉक्सला ती जाळी मिळते चौकोनी, ती मिळाली तर उजेड बाजूला सांडत नाही, अर्धं काम तिथंच होतं.

आणि व्हाईट बॅलन्स (कुठला उजेड पांढरा धरायचा ते कॅमेऱ्याला सांगणारं सेटिंग) ऑटोवर होता ना? खरं सांग.

---

स्टुडिओ_वरची_खोली

ऑटोवरच होता 🙈 दोन फूट पण बरोबर, तुम्ही काय खोलीत होता काय. तुम्ही म्हणता तसं करून बघतो. अजून एक विचारायचं राहिलं, मला जांभळा पाहिजे होता म्हणून मी लाल आणि निळं जिलेटीन एकावर एक लावलं, तर फ्लॅश उडाला पण काहीच आलं नाही, सगळं काळं, मला वाटलं ट्रिगर बिघडला.

---

काळा_पडदा

ऑटो असला की कॅमेऱ्याला वाटतं रंग चुकलाय, तो बिचारा दुरुस्त करत बसतो. फ्लॅशवर काम करताना ५५०० केल्विनच्या (उजेड किती पिवळा किती निळा त्याचं माप) आसपास फिक्स करून ठेव आणि रॉमध्ये काढ, म्हणजे कॅमेऱ्यानं न बदललेली मूळ फाईल. जिलेटीन एकावर एक लावायचं प्रकरण इथले लाईटवाले काका सांगतील, त्यांचं आयुष्य गेलंय त्यात.

---

लाईटवाले_काका

आयुष्य गेलं नाही अजून, शिल्लक आहे थोडं.

मी फोटोग्राफर नाही हे आधी सांगतो. नाटकाची लाईट करायचो, भावे नाट्यमंदिरात किती प्रयोग केले त्याची मोजदाद नाही. १८४३ साली याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी पहिलं मराठी नाटक उभं केलं तेव्हा तेलाच्या दिव्यांचा उजेड होता, त्यांना हा रंगाचा ताप नव्हता. आमच्यापासनं सुरू झाला.

पहिलं एकावर एकचं. जिलेटीन रंग देत नाही बाळा, रंग अडवतं. लाल कागद लाल तेवढा सोडतो, बाकी सगळा गिळतो. त्याच्यापुढं निळा लावलास, तो म्हणतो मी फक्त निळा सोडणार, पण त्याच्यापर्यंत निळा पोचलाच नाही, आधीच्यानं खाल्ला. मग येणार काय, काळं. तुला राणी कलर किंवा जांभळा पाहिजे तर दोन वेगळे लाईट घे, एकाला लाल एकाला निळा, आणि दोन्ही एकाच जागी मार. तिथं उजेडात उजेड मिसळतो. लाल आणि हिरवा एकत्र मारलास तर पिवळा येतो, रंगपेटीत कधी आला होता का? आणि अशा दोन लाईटच्या मधे हात धरून बघ, दोन सावल्या पडतील, लालची सावली निळी आणि निळ्याची सावली लाल. आम्ही पडदा पडायच्या आधी पोरांना हे करून दाखवायचो, नवीन पोरगं हमखास पाच मिनिटं हातच हलवत बसायचं.

आता तुझं कुंकू. ह्यावर मी नाटकात शिव्या खाल्ल्यात. लाल उजेडात लाल वस्तू आणि गोरी-सावळी कुठलीही कातडी, दोन्ही लाल उजेड भरपूर परत पाठवतात, त्यामुळं दोघांत फरकच उरत नाही. कुंकू पुसलं गेलं नाही, ते कातडीत मिसळून गेलं. लिपस्टिक जाते, गालाची लाली जाते, मुरूम पण जातात, म्हणून काही जणांना लाल उजेडात चेहरा गुळगुळीत वाटतो. हिरवा चुडा लाल उजेडात काळाच होणार, कारण हिरव्याला परत पाठवायला हिरवा उजेडच नाही तिथं. निळ्याचं उलटं. पिवळी वस्तू म्हणजे निळा गिळणारी वस्तू, म्हणून तुझी ती साडी चिखल झाली. हळदीच्या कार्यक्रमात निळे लाईट लावतात ना हल्ली, त्या नवऱ्या मुलीचं तोंड बघ एकदा, हळद लावलीय का शेण लावलंय कळत नाही. ज्या गावात हळदीचे सौदे निघतात त्या गावात हळदीवर निळा मारायचा म्हणजे काय म्हणायचं आता. सोन्याचं पण तेच, निळ्यात सोनं मरतं, पितळेएवढी पण किंमत राहात नाही त्याची. आणि कातडीवरचा प्रत्येक डाग निळ्या-हिरव्यात वर येतो, तो गाल मारल्यासारखा दिसला तो म्हणूनच.

आमच्यात पद्धत होती, लाईट ठरवायच्या आधी कपडेपटात जाऊन साड्या बघायच्या आणि मेकअपवाल्याला विचारायचं. लाल सीन असला तर तो ओठ जरा तपकिरी काळपट करायचा, नाहीतर बाई बिनओठाची दिसायची. तू आधी रंग ठरवलेस आणि मग पोरगी बसवलीस. पांढरं, क्रीम, मोतिया असलं काही नेसली असती तर दोन्ही बाजूंनी रंग सुंदर घेतला असता.

आत्याला सांग, चूक भाच्याची नाही, लाल उजेडाची आहे. ऐकणार नाही ती, पण सांग.

---

अल्बम_शंभरफुटी

काका एक नंबर 🙏

मी अल्बम डिझाईन करतो, शंभर फुटी रोडला, माझ्याकडं हे लाल-निळे फोटो रोज येतात आणि रोज भांडणं होतात, म्हणून प्रिंटचं आत्ताच सांगून ठेवतो. स्क्रीनवर जो पेटलेला निळा दिसतो तो कागदावर छापून येत नाही, लॅबच्या कागदाची तेवढी ताकद नाही, तो जांभळट होतो नाहीतर मेल्यासारखा होतो. लालचं वेगळंच, गालाचा सगळा मिळून एक लाल गोळा होतो, नाक कुठं सुरू झालं कळत नाही. आणि बघायला गेलं तर फोटोग्राफर म्हणतो माझा हिस्टोग्राम (डावीकडं काळं, उजवीकडं पांढरं दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख) बरोबर होता. अरे तो पांढरा हिस्टोग्राम बघितलास तू, तो तिन्ही मिळून काढलेला असतो. आरजीबीचे तीन वेगळे लावून बघ, लालवाला उजव्या भिंतीला जाऊन धडकलेला असतो आणि हिरवा निळा डावीकडं झोपलेले. म्हणून लाल लाईट असला की मी तरी पाऊण-एक स्टॉप कमी काढायला सांगतो, रॉमधनं नंतर उचलता येतो, फाटलेला परत शिवता येत नाही.

निळ्यात ग्रेन, म्हणजे दाणे, का येतात ते पण सांगतो. सेन्सरवर दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा असतो. नुसत्या निळ्या उजेडात काढलास की चारातला एकच धड काम करतोय, बाकीचे जवळजवळ रिकामे बसलेत. त्यात आयएसओ १६०० वगैरे असलं तर झालंच. आयएसओ १०० ला ठेव, फ्लॅश आहे ना तुझ्याकडं.

फाईल पाठवताना एसआरजीबीतच (स्क्रीनची नेहमीची रंगपद्धत) पाठव आणि सॅच्युरेशनला हात लावू नको बाबा. गिऱ्हाईकाला पण प्रिंटचा एक छोटा नमुना आधी दाखव, मग अल्बम कर. नाहीतर माझ्या दुकानात येऊन माझ्यावर ओरडतात, काढणारा नामानिराळा.

---

तंबोरा_मिरज

थोडं वेगळं सांगतो, चालत असेल तर. मला हे लाल-निळं मनापासनं आवडत नाही, दोन वर्षांनी सगळे फोटो एकसारखे दिसणार आहेत. पण रंगाचा कागद मी पण वापरतो, एकच, नारिंगी, सीटीओ म्हणतात तो. फ्लॅशचा ५५०० च्या आसपासचा उजेड तो बल्बसारखा करतो, ३२०० केल्विनच्या जवळ. आमच्या मिरजेत सतारमेकर गल्लीत एका कारागिराचा फोटो काढत होतो, मांडीवर तंबोऱ्याचा भोपळा, पंढरपूरकडनं येतात ते मोठे भोपळे, दुकानात एक पिवळा बल्ब आणि बाहेर ढगाळ दुपार. नुसता फ्लॅश मारला तर माणूस पासपोर्टला बसल्यासारखा दिसला, पॉलिशचा तांबूसपणा पण गेला. फ्लॅशला सीटीओ लावला, बल्बच्या बाजूनंच मारला, आणि सगळं आपापल्या जागी बसलं, बघणाऱ्याला फ्लॅश होता हे कळत पण नाही.

आता ह्यातली गंमत. चेहऱ्याच्या फ्लॅशला सीटीओ लाव आणि कॅमेऱ्याचा व्हाईट बॅलन्स ३२०० वर आण, म्हणजे कॅमेरा नारिंगी मारायला सगळ्या फोटोत निळा घालतो. चेहरा नेहमीसारखा दिसतो, कुंकू कुंकवासारखं, पण ज्या ज्या गोष्टीवर सीटीओचा उजेड नाही ती सगळी आपोआप निळी होते. म्हणजे निळं जिलेटीन नसताना निळं बॅकग्राऊंड. स्टुडिओत मागचा फ्लॅश तसाच बिनकागदाचा ठेवायचा, झालं काम. आणि बाहेर करायचं तर कृष्णेच्या घाटावर जा, सूर्य बुडाल्यावर वीस मिनिटांनी, मागं आयर्विन पूल घे. १९२९ चा पूल आहे, कमानी अशा निळ्याशार होतात आणि माणूस उबदार राहतो. फक्त डासांचं बघून घे.

---

रील_कुपवाड

हे ३२०० वालं माहीतच नव्हतं राव, आज करतो. ट्यूबवर पण होईल का?

---

तंबोरा_मिरज

होईल की, चेहऱ्याची ट्यूब ३२०० ला ठेव आणि मागची ५६०० ला. फक्त ट्यूबच्या पांढऱ्यात कातडी कशी येते ते आधी बघ, काही स्वस्त ट्यूबमध्ये माणूस आजारी दिसतो.

---

स्टुडिओ_वरची_खोली

मंडळी, काल रात्री सगळं करून बघितलं, लाईट गेली होती मधे तासभर तरी पण. आत्या अजून बोलत नाही पण बहीण आली, तिला मजा वाटतेय.

काय केलं ते सांगतो. तिला क्रीम साडी नेसायला लावली. पांढऱ्या पेपरवर आईची काळी चादर टांगली (पडदा मिळाला नाही), तिला सहा फूट पुढं बसवलं, सॉफ्टबॉक्स अगदी नाकाजवळ. कॅमेऱ्याला एवढ्या खोलीत ८५ ची लेन्स बसेना, पाठ दाराला टेकली, शेवटी ५० लावली. कॅलेंडरच्या काळ्या पुठ्ठ्याची नळी करून जुन्या फ्लॅशला लावली आणि त्यातनं निळा मागं मारला. पहिल्या फोटोत चादरीच्या सुरकुत्या मोजता येत होत्या, मग दोन स्टॉप खाली आणला तेव्हा जे आलं ना, तेच पाहिजे होतं मला, एकदम दाट मोरपंखी. लाल मागनं केसांवर, खांद्याच्या जरा वर. चेहऱ्यावर कुठला रंगच नाही, कपाळावर कुंकू असं दिसतंय की आत्याला मोठी प्रिंट काढून देणार आहे.

नुकसान एकच झालं, स्टेशनरीवालं लाल जिलेटीन फ्लॅशच्या आतल्या बल्बला टेकलं होतं, ते वितळलं, मधोमध रुपयाएवढं भोक पडलं आणि खोलीत अजून वास येतोय. आणि एक फोटो सगळा चांगला आलाय पण निळं कानाला लागलंय आणि सोन्याचे झुमके लोखंडाचे दिसतायत. फोटोशॉपमध्ये पिवळं करून बघितलं तर गाल पण पिवळा होतोय. काय करू?

---

लाईटवाले_काका

तो आतला बल्ब आधी बंद कर, फोकस झाला की त्याचं काम संपलं. कागद बल्बपासनं चार बोटं लांब, तारेची चौकट करून त्यात अडकव, आणि तो शाळेचा कागद फेकून दे, नाटकाच्या लाईटवाल्याकडं खरं जिलेटीन मिळतं, ते ताव असतात, एका तावात तुझ्यासारख्याचे चार फ्लॅश होतात. त्याच्याकडं उरलेले तुकडे माग, फुकट देईल. गडद निळा घेताना उजेडाकडं धरून बघ, मधेच पांढरट पडलेला असला तर घेऊ नको, तो भाजून गेलेला असतो.

झुमक्याला फोटोशॉप काय करणार. मोत्याच्या कुड्या घालायला सांग, मोती निळं छान घेतो.

---

स्टुडिओ_वरची_खोली

कुड्या आत्याच्याच आहेत काका. आता मागायला जायचं म्हणजे प्रिंट आधी काढायला पाहिजे.